सातवा बिट

नेटवर्क कार्डाच्या डबीवर
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत नंबर छापलेला होता.
ऊर्होनं भिंग धरलं, मी वाचला:
शून्य शून्य, चार एफ, सी सहा,
डी तीन, सात ई, एकोणीस.
पहिले तीन कारखान्याचे, पुढचे तीन याचे एकट्याचे.
"म्हणजे आडनाव आधी," ऊर्हो म्हणाला,
"सैन्यातल्या हजेरीसारखं."
कायानीत तेव्हा उणे सव्वीस होतं
आणि आम्ही बहीणभाऊ अजून बोलत होतो.

पत्ता कसा होतो ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सांगितलं,
काळ्या पावाचा तुकडा मधोमध मोडून:
अठ्ठेचाळीस बिट. अर्ध्यावर तोड.
फटीत सारायचे सोळा, एफएफ आणि एफई,
सगळ्यांना तेच, लोण्यासारखे.
मग पुढून सातवा बिट उलटा कर.
शून्य शून्य होतं, शून्य दोन झालं.
"उलटा का?"
कारण होतं. मला ते तेव्हा नीट सांगता आलं नाही.

ही झाली शेपूट. पुढचं अर्धं राउटर देतो,
हाळी घालत राहतो: ही अमुक गल्ली, ही अमुक गल्ली,
घराचं नाव ज्याचं त्यानं लावा.
कार्ड दारात थांबून एकदा विचारतं,
या नावाचं आत आहे का कोणी?
उत्तर आलं नाही तर ती परवानगी.
ऊर्हो हसला. "हे तर आपल्या घरासारखंच."

मग वडील गेले, आणि बोट.
बोटीबद्दल मी इथे फार लिहिणार नाही.
एवढंच, की मी ती विकली, न विचारता.
विचारलं होतं खरं तर.
त्याचं उत्तर आलं नाही,
मी ती परवानगी धरली.

तो गेला. धक्क्यावरचा कॅमेरा राहिला,
तळ्यावर बर्फ किती धरलंय ते दाखवणारा,
माझ्या कपाटातल्या सर्व्हरवरून, कुणीही बघावं असा.
बघत कुणी नाही.
रात्री नऊच्या सुमारास एक जण.
पहिल्या हिवाळ्यात पुढचं अर्धं ग्दान्स्कचं होतं,
मग रॉटरडॅम, मग बराच काळ पोर्तो.
गल्ल्या बदलत गेल्या, शेपूट तीच:
दोन चार एफ, सी सहा एफएफ,
एफई डी तीन, सात ई एकोणीस.
पत्र नाही, फोन नाही.
त्या कार्डाला तेवढं खोटं बोलता येत नव्हतं.

मला बरं वाटायचं.
एका रात्री नकाशावर टाचण्या लावायला घेतल्या
आणि तिसऱ्या टाचणीला हात थांबला.
मला दिसतं, तर तो ज्याच्या ज्याच्या दारात गेला
त्या प्रत्येकाला दिसत असणार.
नोकरीत मी हेच बंद करायला सांगत फिरते,
शाळांतून, जिल्हा रुग्णालयातून, पगार घेऊन.
कॅमेऱ्याच्या चित्राखाली तापमान येतं.
त्याखाली मी एक ओळ घातली:
बर्फ चौतीस सेंटिमीटर. तात्पुरते पत्ते चालू कर.

तिसऱ्या दिवशी शेपूट गेली.
आता रोज नवी अक्षरं, फासे टाकल्यासारखी.
मध्ये एफएफ नाही, एफई नाही,
धरून ठेवावं असं काहीच नाही.
नऊला एक जण बघतो.
ऊर्हो असेल. किंवा पोर्तोतलाच दुसरा कुणी,
ज्यानं गोठलेलं पाणी पाहिलेलं नाही.

सातवा उलटा का, ते आता मला सांगता येतं.
कुणी कधी स्वतःच्या हातानं पत्ता लिहायला बसलं
तर त्याला तो आखूड, सोपा जावा, म्हणून.
एवढीच सोय होती ती.

पावणेनऊला मी धक्क्यावर जाते,
हातमोज्यानं काचेवरचं हिम पुसते
आणि कॅमेऱ्यासमोरून लगेच बाजूला होते.